रॅम वाढवली आणि मशीन रुसलं: काय तपासायचं, कुठे थांबायचं

"भाऊ, रॅम टाकी नि मशीन बंद पडाले लागनं." अमळनेरच्या माझ्या दुकानात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. कधी फोटो स्टुडिओवाला, कधी कृषी सेवा केंद्राचे आप्पा, कधी कॉलेजात जाणारं पोरगं. प्रत्येकाच्या हातात कॅबिनेट असतं आणि तोंडात एकच निकाल: "नवी रॅम खराब निघाली." ती खरंच खराब निघते, नाही असं नाही. पण मी उघडलेल्या मशीनपैकी बहुतेकांत रॅमची पट्टी धडधाकट होती, लोचा भलतीकडेच होता. म्हणून रॅम परत करायला धावण्याआधी घरच्या घरी काय बघता येईल ते क्रमाने सांगतो. आधी फुकटातलं, मग कमी खर्चाचं, शेवटी डोकेदुखीचं.

लक्षणं ओळखा

बटण दाबलं, पंखे फिरले, पण डिस्प्ले नाही. कधी मशीन आपणहून दोन-तीनदा बंद-चालू होतं, बझर असेल तर लांब बीप देत राहतं. दिसायला हे सगळ्यात भयंकर, पण निस्तरायला सगळ्यात सोपं.

मशीन चालू होतं, पण १६ जीबी टाकूनही ८ च दिसते.

मशीन चालतं आणि मधेच निळी स्क्रीन येते. इथे एक बारीक गोष्ट बघा. निळ्या स्क्रीनवर खाली जे नाव येतं ते लिहून ठेवा. आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', परवा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', असं नाव दर वेळी बदलत असेल तर संशय रॅमवर. रोज तेच नाव आणि सोबत त्याच एका ड्रायव्हरची फाइल येत असेल तर रॅमच्या मागे लागू नका, आधी तो ड्रायव्हर बघा.

चौथं लक्षण सगळ्यात वाईट, कारण त्यात मशीन बंदच पडत नाही. झिप उघडताना 'फाइल करप्ट' येतं, तीच झिप दुसऱ्यांदा उघडली की नीट उघडते. क्रोमचे टॅब आपोआप पडतात. सेव्ह केलेल्या फोटोत अर्ध्यापासून खाली रंगीत पट्टे येतात. याचा अर्थ डेटा गुपचूप खराब होतोय.

आणि पाचवं: निळी स्क्रीन नाही, संदेश नाही, फट्‌कन बंद. लाइट गेल्यासारखं. हे बहुतेक वेळा रॅमचं काम नसतं. तिथे आधी पंखा आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बघा.

सगळ्याच्या आधी: टॅली बंद ठेवा

मशीन अस्थिर आहे तोवर हिशोबाच्या एन्ट्र्या मारू नका. डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट रॅममधून जाते. रॅम चुकत असेल तर चुकीचंच लिहिलं जाईल. बॅकअप घ्यायचाच, पण घाईत नाही. आधी नवी पट्टी काढा, जुन्या रॅमवर मशीन चालू करा, मग नव्या पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्या. जुन्या बॅकअपवर तोच नवा बॅकअप चढवू नका. मार्चअखेरीला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हीच चूक झाली होती. बिघडलेल्या मशीनमधून घेतलेला बॅकअप चांगल्या बॅकअपवर चढला आणि दोन्ही गेले. रॅमची किंमत त्यापुढे काहीच नव्हती.

विंडोज ११ असेल तर अजून एक. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते बघून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. पुढे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) हात घालायचा आहे, तेव्हा मशीन ती की मागू शकतं. की नसेल तर डेटा समोर असून हाती लागत नाही.

जुन्या रॅमवर एक दिवस

आता पहिली तपासणी, खर्च शून्य. नवी पट्टी काढून ठेवा आणि दिवसभर नेहमीचं काम जुन्या रॅमवर करा. याने निम्मा प्रश्न सुटतो. जुन्या रॅमवरही मशीन बंद पडत असेल तर नव्या पट्टीवरचा आरोप मागे घ्या.

मग बिघडलं काय? कॅबिनेट उघडताना, हात आत घालताना काहीतरी हललं. डिस्कची साटा केबल अर्धवट निसटलेली असते. किंवा प्रोसेसरच्या पंख्याची वायर हात लागून पात्यात अडकलेली असते. पंखा अडकला की मशीन चालू होतं, दहा-पंधरा मिनिटं नीट चालतं आणि मग बंद पडतं. ग्राहक शपथेवर सांगतो की रॅम टाकल्यापासूनच होतंय, आणि ते खरंच असतं. पण दोष रॅमचा नसतो, वायरचा असतो. कॅबिनेट उघडं ठेवून एकदा चालू करा आणि पंखा फिरतोय का ते डोळ्यांनी बघा. हात घालू नका.

पट्टी नीट बसली का

हा सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्विच बंद करा, वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. आपल्याकडे हिवाळ्यात आणि कोरड्या उन्हाळ्यात अंगात स्थिर वीज साठते. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच. ती पट्टीत उतरली तर चिप मरू शकते.

पूर्वीच्या मदरबोर्डांना रॅमच्या स्लॉटच्या दोन्ही टोकांना लॉक असायचं. आता बऱ्याच बोर्डांना एकाच टोकाला असतं. लॉक असलेल्या बाजूने 'टक' आवाज येतो आणि माणूस समाधानाने झाकण लावतो. पण बिनलॉकची बाजू अर्ध्या मिलिमीटरने वर राहिलेली असते. पारोळ्याचा एक स्टुडिओवाला असाच आला होता. लग्नसराईत अल्बमचं काम, फोटोशॉपमध्ये तिसरं पान उघडलं की हँग. मी पट्टीच्या वरच्या कडेवर पोस्टकार्ड आडवं धरलं, एक टोक उंच दिसलं. दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं एकदम दाबली, दुसऱ्या बाजूनेही 'टक' झालं. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

दाबायला जोर लागतो, भिऊ नका. पण पट्टी आत जातच नसेल तर जोर लावू नका. खाच जुळते का ते बघा. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या रॅमच्या दोन पिढ्या, दोन्हींना २८८ पिन असतात, खाचेची जागा मात्र वेगळी असते. दिसायला सारख्या असल्या तरी त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

धूळ, आणि आपल्याकडचा कापूस

धरणगाव, चोपडा, अमळनेर पट्ट्यात जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन उघडलं की आत धूळ नसते, रुई असते. बारीक तंतू हवेतून येऊन पंख्यावर गालिच्यासारखे बसतात. आणि जो स्लॉट इतकी वर्षं रिकामा होता, त्यात तर ते ठासून भरलेले असतात. नवी पट्टी नेमकी त्याच स्लॉटमध्ये जाते. तंतू दाबला जाऊन पिन आणि पट्टी यांच्या मध्ये बसतो. मशीन चालू होतं, पण गरम झालं, जरा हादरलं, की संपर्क सुटतो. एका जिनिंगवरच्या मशीनमध्ये मी स्लॉटमधून चिमट्याने काढलेला पुंजका वातीइतका होता.

स्लॉट मऊ, कोरड्या ब्रशने साफ करा, मग ब्लोअर जरा लांबून मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, तो जोरात फिरू देऊ नका. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घासायची पद्धत सगळीकडे आहे. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा घासला जातो आणि रबराचा चुरा पुन्हा स्लॉटमध्ये पडतो. आता मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरतो. बाटली फार महाग नाही, आणि वर्षभर पुरते.

कोणता स्लॉट

चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. शेजारीशेजारी टाकल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर जातात. वेग कमी होतो आणि काही बोर्डांवर अस्थिरपणाही येतो. बोर्डावर स्लॉटशेजारी नावं छापलेली असतात, टॉर्च लावून बघा. दोनच स्लॉट असतील तर हा प्रश्नच नाही.

पट्टी मुळात तुमच्या मशीनची आहे का

आपल्याकडे जुनी मशीनं अजून जोरात चालतात, आणि घोटाळे त्यांच्यातच जास्त. दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरना डीडीआर ३ मधली ८ गिगाबिटची चिप ओळखता येत नाही. म्हणून त्या मशीनसाठी ८ जीबीची पट्टी घेताना दोन्ही बाजूंच्या मिळून सोळा चिपा आहेत का ते मोजा. आठच असतील तर ती पट्टी दुसऱ्या मशीनवर चालेल, तुमच्यावर नाही. दुकानदार म्हणेल "माझ्याकडे चालतेय", आणि तो खोटं बोलत नसेल. सर्व्हरमधून निघालेली स्वस्त रजिस्टर्ड रॅमही घरगुती बोर्डावर चालत नाही. लॅपटॉपमध्ये चौथ्या पिढीपासून १.३५ व्होल्टची डीडीआर ३ एल लागते, साधी १.५ व्होल्टची टाकली तर डिस्प्लेच येत नाही.

१६ ऐवजी कमी दिसत असेल तर तीन गोष्टी बघा. विंडोज ३२ बिट आहे का? असेल तर कितीही टाका, ४ जीबीच्या वर जाणार नाही. 'सिस्टीम कॉन्फिगरेशन'मध्ये बूटच्या पुढच्या पर्यायांत 'मॅक्झिमम मेमरी'वर कोणी टिक मारून ठेवलीय का? वेग वाढवायच्या नादात पुष्कळ जण ती मारतात. ती काढून टाका. आणि १६ पैकी १४ च्या आसपास 'वापरता येणारी' दिसत असेल तर तो दोष नाही, ग्राफिक्सने आपला वाटा बाजूला काढलाय.

वेगवेगळ्या कंपनीच्या पट्ट्या एकत्र चालतच नाहीत, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बहुतेक वेळा चालतात, दोन्ही संथ पट्टीच्या वेगाने. पण जिथे चालत नाहीत तिथे का चालत नाहीत ते शोधण्यात दिवस जातो. नवी घ्यायचीच असेल तर एकाच पाकिटातली जोडी घ्या.

बायोस

इथे बरेच जण घाबरतात. आत गेल्यावर (डिस्प्ले येत नसेल तर जुन्या रॅमवर) आधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा. मग 'एक्सएमपी' किंवा एएमडीच्या बोर्डावर 'डीओसीपी', 'एक्स्पो' असं काही चालू आहे का ते बघा. रॅम जास्त वेगाने पळवायची ही सेटिंग. पट्टीवर ३२०० छापलेलं असतं, पण पुष्कळदा तो वेग १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट देऊन गाठायचा असतो. दहाव्या पिढीच्या आय थ्रीला अधिकृत मर्यादाच २६६६ ची आहे. म्हणून एक्सएमपी बंद करा आणि दोन दिवस वापरा. मशीन शांत झालं तर रॅम चांगली आहे, हाव जास्त होती. ऑफिसच्या कामात तो फरक कोणाला जाणवतही नाही.

डिस्प्लेच येत नसेल तर लाइट काढून बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, पाच मिनिटं काढून ठेवा आणि परत बसवा. बायोस जुन्या रॅमची मापं विसरतं आणि नव्याने मोजतं. सेल पाच-सहा वर्षं जुना असेल तर बदलूनच टाका. त्यानंतर विंडोज चालू झालं नाही तर घाबरू नका. मघाशी काढलेला फोटो बघून साटाचा मोड (डिस्क जोडायची पद्धत) पूर्वीसारखा करा.

डीडीआर ५ वाल्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. नवी रॅम टाकल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. मशीन पट्टीशी जुळवून घेत असतं, त्याला ट्रेनिंग म्हणतात. लोक तीस सेकंदांत बटण दाबून बंद करतात, परत चालू करतात, परत काळी. चहा टाका, दहा मिनिटं हात लावू नका.

एकेक पट्टी, एकेक स्लॉट

इथपर्यंत फरक पडला नसेल तर आता खरी परीक्षा. विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' आहे, स्टार्टमध्ये शोधलं की सापडतं. ते सापडलेली चूक खरी असते, पण त्याने पास केलं म्हणून रॅम चांगलीच असं मी मानत नाही. मी पेन ड्राइव्हवरून 'मेमटेस्ट ८६ प्लस' लावतो, ते फुकट आहे. बायोसमधलं सिक्युअर बूट अडवत असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. रात्री झोपताना लावा, सकाळी बघा. निदान चार फेऱ्या पूर्ण व्हायला हव्यात. मशीन इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर ठेवा, नाहीतर पहाटे लाइट गेली की सगळं मुसळ केरात.

लाल ओळ एक जरी आली तरी नापास. "फक्त दोनच एरर आहेत" असं रॅममध्ये नसतं.

दोन्ही पट्ट्या एकत्र तपासून एरर आली तर कोण दोषी ते कळत नाही. म्हणून कागद घ्या आणि चार ओळी लिहा. जुनी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये, जुनी दुसऱ्यात, नवी पहिल्यात, नवी दुसऱ्यात. प्रत्येक वेळी मशीनमध्ये एकच पट्टी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर शेवटी काय केल्याने काय झालं ते तुम्हालाच सांगता येणार नाही. मग कागद वाचा.

एरर नव्या पट्टीमागे दोन्ही स्लॉटमध्ये फिरली तर पट्टी खराब. जुनीच नापास झाली तरी आश्चर्य मानू नका. आधी ८ जीबी पूर्ण भरत नव्हती म्हणून तिचा खराब भाग झाकून राहिला असेल. पट्ट्या दोन्ही चांगल्या, पण दुसऱ्या स्लॉटमध्ये गेली की कोणतीही नापास, असं असेल तर दोष बोर्डात किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये आहे. मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या आतच असतो. सॉकेटमधली एक पिन वाकली किंवा प्रोसेसरवरच्या कूलरचा एक स्क्रू जास्त आवळला गेला तरी अख्खं एक चॅनल जातं. आणि चारही वेळा पास, फक्त दोघी एकत्र आल्या की भांडण, तर जोडी जुळत नाही. वेग एक पायरी खाली आणून बघा, नाहीतर जोडी बदला.

दुकानात चालतं, घरी बंद पडतं

असा एक केस मला तीन खेपा छळून गेला. वर सांगितलेलं त्याच जिनिंगचं मशीन. स्लॉट साफ केला, पाठवलं, आठवड्यात परत. माझ्याकडे रात्रभर मेमटेस्ट, एकही एरर नाही. परत पाठवलं, परत आलं. मे महिना होता. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि आमच्याकडेही फार मागे नसतो. ऑफिसला पत्र्याचं छप्पर, मशीन टेबलाखालच्या बंद खणात. आणि मी तपासत होतो कूलरसमोर, रात्री दोनला. शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन दुपारी तीनला तिथेच जाऊन बसलो. चाळीस मिनिटांत लाल ओळी. काठावर असलेली पट्टी गार असताना पास होते, तापली की चुकते. तेव्हापासून मी विचारतो, "कोणत्या वेळेला बंद पडतं?", आणि टेस्ट त्याच वेळेला, शक्यतो त्याच जागी लावतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. ते वायरमनचं काम आहे, कॉम्प्युटरवाल्याचं नाही. आणि रॅममुळे एसएमपीएसवर लोड आला, हे कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. एक पट्टी दोन-चार वॅट खाते.

'फॉरमॅट मारून टाका' हा सल्ला मात्र रॅमची परीक्षा होईपर्यंत मुळीच ऐकू नका. खराब रॅमवर टाकलेलं नवं विंडोजही खराबच बसतं, आणि तुमचा जुना डेटा जातो तो वेगळाच.

इथे थांबा

सॉकेटमधली पिन वाकलेली दिसली तर सुईने सरळ करायला जाऊ नका. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत, जळका वास येतोय, पाणी किंवा चहा सांडलाय, तर चालू करून बघायचं नाही. एसएमपीएस उघडायचा तर कधीच नाही. वायर काढल्यावरही त्यात जीव घेण्याइतका करंट राहू शकतो. लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल आणि तीच नापास झाली, तर ते चिपलेव्हलवाल्याचं काम. जळगाव-धुळ्यात ते होतं, पण आधी अंदाजे खर्च विचारा. डीडीआर ३ च्या जुन्या डेस्कटॉपचा बोर्डच गेला असेल तर त्यावर पैसे घालू नका, असं मी ग्राहकाला तोंडावर सांगतो. पट्टी वॉरंटीत असेल तर मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो आणि बिल घेऊन दुकानात जा, वाद होत नाही.

मशीन दुरुस्तीला नेताना मॉनिटर नेऊ नका, कॅबिनेट पुरे. त्या चार ओळींचा कागद सोबत ठेवा. आणि काढलेली जुनी रॅम पोराला खेळायला देऊ नका, तीही आणा.